मुळं बघायची तर आधी नवगावला चला

आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दरवर्षी एक फॉर्म फिरतो. परदेशात दहा दिवस, विमानाचं तिकीट, राहणं, जेवणखाण, शिकवायला माणसं, सगळं फुकट किंवा जवळपास फुकट. अटी दोनच: वय बसलं पाहिजे आणि तुम्ही ज्यू असलं पाहिजे. खाली एक ओळ ठरलेली, ‘आपल्या मुळांशी नातं जोडा’. मग आत्या, मावश्या, काका मंडळी अंगठे दाखवतात आणि ज्याचं वय बसतं त्याला टॅग करतात.

मी २०१९ मध्ये अशाच एका कार्यक्रमातून इस्राएलला जाऊन आलो. पाहुणचार चांगला झाला, मित्र चांगले मिळाले, फोटो तर इतके चांगले आले की डीपी अजून तोच आहे. तरीही माझं म्हणणं असं आहे, की मराठी ज्यू पोरांना मुळं दाखवायला पहिल्यांदा तिकडं नेणं ही उलटी गंगा आहे. त्या दहा दिवसांत ज्यू असण्याबद्दल मला पुष्कळ सांगितलं गेलं. मराठी ज्यू असण्याबद्दल एक अक्षर सांगितलं गेलं नाही. आणि घरातून मला जे थोडंफार मिळालं होतं ते दुय्यम आहे, हे मात्र तोंडानं न बोलता रोज शिकवलं गेलं. याला मी शिक्षण म्हणायला तयार नाही.

आधी आम्ही कोण

कोल्हापुरात वाढल्यामुळे हा भाग मला तोंडपाठ आहे. “ज्यू म्हंजे ख्रिश्चनच की रे भावा?” नाही. “मग मुस्लिम?” नाही. “मग आडनावात ‘कर’ कसं?”

तिथूनच सुरुवात करू. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. परंपरा सांगते, की फार पूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला एक जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, आणि त्यांच्यापासून हा समाज वाढला. जहाज कधी फुटलं यावर इतिहासकारांचं एकमत नाही. पुढचं मात्र स्पष्ट आहे. ही माणसं आजच्या रायगड जिल्ह्यात तेलाचे घाणे चालवत. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावानं नाव दिलं ‘शनिवार तेली’. गावांवरून आडनावं पडली: पेणकर, नवगावकर, केहिमकर, दिवेकर, झिराडकर, रोहेकर, अष्टमकर. ‘बूट पॉलिश’ सिनेमातला डेव्हिड म्हणजे डेव्हिड अब्राहम चेऊलकर. मुंबईत महालक्ष्मीला ज्यांच्या नावाचा रस्ता आहे ते डॉ. ई. मोझेस १९३७ मध्ये मुंबईचे महापौर झाले, त्यांचं आडनाव राजपूरकर. इंग्रजीत लिहिणारे कवी निस्सीम इझिकेलही आमच्यातलेच.

आमच्या सणांची जुनी नावं ऐका. रोश हाशाना, म्हणजे नवं वर्ष, हा ‘नव्याचा सण’. योम किप्पूरला दारं लावून दिवसभर कडक उपवास, म्हणून तो ‘दारफाळणीचा सण’. पुरिम होळीच्या आसपास येतो, म्हणून त्याला ‘होळीचा सण’. यरुशलेमचं मंदिर पाडलं गेलं त्या दुःखाचा उपवास म्हणजे ‘बिरड्याचा रोजा’, कारण तो सोडताना बिरडं खायचं. रोजा हा शब्द शेजारच्या मुसलमानाचा, बिरडं कोकणातल्या चुलीवरचं आणि दुःख यरुशलेमचं. दोन शब्दांत एवढा मोठा प्रवास मला त्या दहा दिवसांतल्या एकाही भाषणात ऐकायला मिळाला नाही.

मांस आणि दूध एकत्र खायचं नाही हा आमचा नियम. कोकणानं त्यावर सोपा उपाय दिला, नारळाचं दूध. म्हणून आमच्या घरचा पांढरा रस्सा कोल्हापूरचाही असतो आणि धर्मालाही धरून असतो. मूळ म्हणजे काय असं मला कुणी विचारलं, तर मी हा रस्सा पुढं करीन.

साचा कुणासाठी बनला

या कार्यक्रमांचा साचा नीट समजून घेतला पाहिजे. त्यातला सगळ्यात मोठा आणि प्रसिद्ध कार्यक्रम म्हणजे बर्थराइट इस्राएल. तो १९९९ मध्ये सुरू झाला, त्यामागं मुख्यतः अमेरिकेतल्या श्रीमंत ज्यू देणगीदारांचा पैसा होता, इस्राएल सरकारनंही हात लावला. आतापर्यंत आठ लाखांहून जास्त तरुण त्यातून जाऊन आलेत. काळजी अमेरिकेतली होती: आपली पोरं धर्मापासून लांब चाललीत, बाहेर लग्नं करताहेत, दोन पिढ्यांनी ज्यू म्हणून कुणी उरेल की नाही? उपाय असा काढला, की ऐन विशीत त्यांना दहा दिवस इस्राएलला न्यायचं. मग तोच साचा घेऊन लहानमोठे कार्यक्रम जगभर निघाले.

अमेरिकेतल्या पोराच्या बाजूनं बघितलं तर यात तथ्य आहे. त्याच्या पणजीचं गाव पोलंडात किंवा युक्रेनमध्ये होतं. नाझींनी ते माणसांसकट संपवलं. परत जायचं म्हटलं तरी तिथं त्याची वाट बघणारं कुणी नाही. अशा पोराला इस्राएल हेच घर वाटलं, तर मी कोण त्याला नाही म्हणणारा?

पण माझ्या आजीचं गाव आहे. तिथं एसटी जाते.

आम्ही सॉफ्टवेअरवाले ज्याला ‘एज केस’ म्हणतो, तो मी त्या कार्यक्रमात होतो. एज केस म्हणजे असा वापरणारा, ज्याचा विचार सिस्टीम बनवताना केलाच नव्हता. असा माणूस आला की चांगला इंजिनीअर त्या माणसाला दोष देत नाही, आपण काय गृहीत धरलं होतं ते तपासतो. इथं गृहीत धरलेली गोष्ट अशी: ज्यूंचा इतिहास म्हणजे सगळीकडून हाकललं जाणं आणि शेवटी इस्राएलमध्ये पोचणं. आमच्या कोकणात शेकडो वर्षांत ज्यू म्हणून कुणी आमची घरं जाळली नाहीत. या गोष्टीत आम्हांला जागा कुठं द्यायची, ते त्यांना कळत नाही. मग आम्हांला तळटीपेत टाकलं जातं.

बेगल आणि मालिदा

पहिल्याच दिवशी पडद्यावर जगाचा नकाशा आला. बाबिलोन, स्पेन, मोरोक्को, येमेन, पोलंड, सगळीकडं बाण. भारतावर काही नाही. मी विचारलं, तर वेळ कमी आहे असं उत्तर आलं. तिसऱ्या दिवशी एका शिक्षकानं अगदी प्रेमानं विचारलं, “तुमच्या घराण्यानं हा धर्म केव्हा स्वीकारला?” हा प्रश्न त्यानं शिकागोच्या मुलीला विचारला नव्हता. पाचव्या दिवशी ‘कल्चर नाइट’. आम्ही भारतातून गेलेले तिघं. आमच्याकडून अपेक्षा काय, तर कुर्ते घाला आणि बॉलिवूडच्या गाण्यावर नाचा.

मी त्याऐवजी मालिद्याबद्दल सांगितलं. घरात लग्न ठरलं, नोकरी लागली, दुखण्यातून माणूस उठला, की आम्ही एलियाहू हनाबीच्या, म्हणजे संदेष्टा एलियाच्या नावानं मालिदा करतो. भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वर फळं, आणि हिब्रू प्रार्थना. ऐकून घेणारा म्हणाला, “छान. पण हे थोडं हिंदू वाटतं.” त्याच माणसानं सकाळी नाश्त्याला पोलंडात घडलेल्या बेगलचा इतिहास अभिमानानं सांगितला होता. पोलंडच्या पिठाचं जे बनलं ते ज्यू, आणि अलिबागच्या पोह्यांचं बनलं ते हिंदू, हा न्याय कुठला?

बस दक्षिणेला वाळवंटात गेली. मसादाचा किल्ला झाला, मृत समुद्रात तरंगणं झालं. दिमोना हे गाव त्याच भागात आहे. तिथं इतके बेने इस्राएल राहतात, की लोक त्याला ‘लिटल इंडिया’ म्हणतात. तिथं मराठी बोलणाऱ्या आज्या भेटल्या असत्या. आमच्या वेळापत्रकात दिमोना नव्हतं. खिडकीतून काही अरब गावंही दिसली, त्यांची नावंसुद्धा गाइडनं घेतली नाहीत. ऑक्टोबर २०२३ नंतर जे घडलं आणि गाझात जे घडलं, त्यानंतर मला ती न घेतलेली नावं जास्त आठवतात. वारसा शिकवतो म्हणून बोलवायचं आणि एका देशाच्या राजकारणाची एकच बाजू गळी उतरवायची, हे कुठल्याही धर्माच्या पोरांशी कुणीही करू नये.

जे दहा दिवसांत सांगितलं नाही

१९४८ नंतर बेने इस्राएल मोठ्या संख्येनं इस्राएलला गेले. तिथं काय झालं, हे आमच्या ग्रुपमधल्या एकाही पोराला माहीत नव्हतं. रंगावरून भेदभाव झाला म्हणून काही जणांनी परत भारतात पाठवा अशी मागणी करत धरणं धरलं, आणि १९५२ मध्ये शंभरावर लोकांना विमानानं परत आणून सोडावं लागलं. त्यांतले बरेच जण पुढं पुन्हा तिकडं गेले, पण मागणी करायची वेळ आली हे खरं.

त्याहून वाईट गोष्ट लग्नांची. १९६२ मध्ये तिथल्या मुख्य रब्बींच्या कचेरीनं सूचना काढली, की बेने इस्राएल माणसाचं दुसऱ्या ज्यूशी लग्न लावण्याआधी त्याच्या आईकडच्या पिढ्या जितक्या मागं जाता येतील तितक्या तपासा. थोडक्यात, शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्यांच्या नातवंडांनो, तुम्ही खरे ज्यू आहात याचे कागद दाखवा. १९६४ च्या उन्हाळ्यात आमची माणसं बायकापोरांसह यरुशलेमला धरण्याला बसली. ऑगस्टमध्ये तिथल्या संसदेला, क्नेसेटला, खास बैठक घेऊन सांगावं लागलं की बेने इस्राएल हे सर्व बाबतींत बरोबरीचे ज्यू आहेत. मग रब्बींच्या कचेरीनं त्या सूचनेतून आमचं नाव काढलं.

मराठी माणसांनी परक्या देशात उपोषण-धरण्याच्या मार्गानं मिळवलेला हा विजय आहे. कुठल्याही वारसा-सहलीत हा पहिल्या दिवशी सांगायचा धडा आहे. पण तो सांगितला तर ‘घरी परत आलात’ हे वाक्य अडखळतं. म्हणून सांगत नाहीत.

बाहेरून शिकायला हरकत नाही

आता कुणी म्हणेल, की हा कोकणाचा फाजील अभिमान झाला. तसं नाही. आम्ही बाहेरच्यांकडूनच शिकलोय. बाहेरच्या ज्यूंची गाठ पडली तेव्हा आमच्याकडं शनिवार होता, सुंता होती, खाण्याचे नियम होते आणि शेमा ही एक प्रार्थना होती. बाकी हिब्रू विस्मरणात गेलं होतं. पुढं कोचीनहून ज्यू शिक्षक आले. मुंबईत स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन आले. त्यांचा हेतू आम्हांला ख्रिस्ती करण्याचा होता, पण १८३२ मध्ये त्यांनी आमच्यासाठी हिब्रूचं व्याकरण लिहिलं आणि ते मराठीतून लिहिलं. आमच्या लोकांनी व्याकरण घेतलं आणि धर्म आपलाच ठेवला.

इथं माझा मुद्दा आहे. तेव्हा शिकवणाऱ्याला आमच्या भाषेत यावं लागलं. १८४६ मध्ये मुंबईत हगादा, म्हणजे वल्हांडणाच्या रात्री वाचायची पोथी, हिब्रू आणि मराठीत छापली गेली. १८७४ मध्ये पुण्यात दुसरी निघाली, तिच्या चित्रांत नऊवारी नेसलेल्या बायका सणाची बेखमीर भाकरी करताना दिसतात. इजिप्तमधून सुटकेची गोष्ट सांगणाऱ्या त्या बायका पेणच्या किंवा पनवेलच्या वाटतात. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आमच्यात कीर्तनं सुरू झाली, अब्राहाम आणि योसेफाची आख्यानं, मराठीतून, टाळ वाजवत. हाईम सॅम्युएल केहिमकरांनी १८७५ मध्ये मुंबईत समाजाची शाळा काढली आणि १८९७ पर्यंत समाजाचा इतिहास लिहून काढला. रेबेका रुबेनसारख्या बाईंनी पुढं त्या शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून पिढ्या घडवल्या.

याला शिकवणं म्हणतात. बाहेरचं ज्ञान घरात आणून आपल्या बोलीत मुरवायचं. आजच्या कार्यक्रमात घरचं बाहेर ठेवून आत यावं लागतं.

“फुकट मिळतंय तर कटकट कशाला?”

हा आमच्या ग्रुपवरच्या एका काकांचा प्रश्न. काका, आमच्या धंद्यात एक गोष्ट पहिल्या वर्षी कळते. ॲप फुकट असेल, तर किंमत दुसरीकडून वसूल होत असते. इथं किंमत अशी, की पंचविशीतला पोरगा परत येतो तेव्हा त्याला तेल अवीवचे कॅफे माहीत असतात आणि रेवदंड्याचं सिनेगॉग माहीत नसतं.

दुसरा प्रश्न आत्याचा, आणि तो जास्त खरा आहे. “अरे, आपली बहुतेक माणसं आता तिकडंच आहेत. इथं राहिलंय कोण?” बरोबर आहे, आत्या. १९४८ च्या सुमाराला आम्ही इथं वीस हजारांच्या आसपास होतो, आता चार-पाच हजार असू. कोल्हापुरात तर सामूहिक प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमणं अवघड, सिनेगॉगसाठी आम्हांला पुणं गाठावं लागतं. पण तिकडं गेलेल्या माणसांनी काय केलं ते बघा. त्यांनी ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक चालवलं. महाराष्ट्र दिन साजरा केला. मराठी सोडली तर आपण कोण उरतो, हे त्यांना आपल्याआधी कळलं. त्यांचं ऐकायचं असेल, तर त्यांचं हेही ऐकू या.

आता थोडं बाकीच्यांशी

वाचणाऱ्यांत बहुतेक जण ज्यू नाहीत, आणि माझं भांडण तुमच्याशीही आहे. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आठवड्याला एक फॉरवर्ड येतो: इस्राएल बघा, मोसाद बघा, ठिबक सिंचन बघा, एवढासा देश पण काय हिंमत! तो पाठवणाऱ्याला शेजारच्या दारावरच्या मझुझाचं, म्हणजे चौकटीला ठोकलेल्या धर्मवचनाच्या छोट्या डबीचं, काय आहे ते माहीत नसतं. लांबचा ज्यू हीरो, जवळचा ज्यू ‘ख्रिश्चनच की’. महाराष्ट्र सरकारनं २०१६ मध्ये आम्हांला अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली. कागदावर नाव आलं, शाळेत शिकताना मात्र मला माझ्या समाजाबद्दल एक धडा मिळाला नाही.

आणि कोल्हापूरला आठवण ठेवता येत नाही असं नाही. १९४३ ते १९४८ या काळात वळिवड्याला पोलंडच्या सुमारे पाच हजार निर्वासितांची छावणी होती, बहुतेक बायका आणि मुलं. त्यांचं स्मारक या शहरात आहे. तिथं वाढलेली पोलिश मुलं म्हातारपणी कोल्हापूर बघायला आली, तेव्हा शहरानं त्यांना माहेरवाशिणीसारखं वागवलं. वॉर्सात वळिवडे-कोल्हापूर छावणीचं स्मारक आहे. पाच वर्षं राहून गेलेल्यांसाठी आपण हे करतो, आणि ते चांगलंच करतो. शेकडो वर्षं मराठी बोलणाऱ्यांसाठी एवढं तरी करता येईल की नाही?

दहा दिवसांचा दुसरा आराखडा

नुसती टीका नको, म्हणून हा माझा कार्यक्रम. शिक्षण मराठीतून. प्रवेश ज्यू पोरांना, आणि ज्यू नसलेल्या मराठी पोरांनाही. निम्मे-निम्मे.

पहिले तीन दिवस मुंबई. मशीद बंदरजवळचं ‘शार हारहमीम’ सिनेगॉग सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ मध्ये बांधलं. स्टेशनचं ‘मस्जिद’ हे नाव या सिनेगॉगवरून पडलं असं सांगतात. लोकलनं रोज तिथून जाणाऱ्या पोरांना ते एकदा आतून बघू द्या. चौथा दिवस पनवेल, तिथलं बेथ एल १८४९ चं. पाचवा ते आठवा अलिबाग. इस्राएल आळीतलं मागेन अबोथ, नवगावचं कबरस्तान आणि जहाज फुटल्याचं स्मारक, एलियाहू हनाबीचा टापा म्हणतात तो खडक, रेवदंडा. एखाद्या घरी मालिदा शिकायचा, करायचा आणि खायचा. शेवटचे दोन दिवस पुणं. रास्ता पेठेतलं आमचं सिनेगॉग आणि कॅम्पातलं लाल देऊळ बघायचं, आणि बगदादी ज्यू श्रीमंत आणि आम्ही कारकून, हा फरक का होता यावर भांडायचं.

रोज संध्याकाळी एकच काम. गावात उरलेल्या एका म्हाताऱ्या माणसासमोर बसायचं, फोनवर रेकॉर्डिंग चालू करायचं आणि ऐकायचं. घरात पडलेल्या मराठी पोथ्या, कीर्तनाच्या वह्या, लग्नाच्या पत्रिका स्कॅन करायच्या. हे करायला स्टार्टअप लागत नाही, फंडिंग लागत नाही. एसटीचं तिकीट, लॉजचं भाडं आणि फोनमध्ये थोडी जागा लागते. ती रिकामी करायला आपल्या डीपीचे जुने फोटो उडवले तरी चालतील.

या दहा दिवसांनंतर कुणाला यरुशलेमला जायचं असेल त्यानं खुशाल जावं, मी विमानतळावर सोडायला येईन. तो तिथं जाईल तेव्हा ‘हा धर्म केव्हा स्वीकारला’ या प्रश्नाला त्याच्याकडं उत्तर असेल, आणि दिमोनाला बस का थांबत नाही, असा उलटा प्रश्नही असेल.

घाई एवढ्याचसाठी, की मराठी पोथीतली प्रार्थना चालीवर म्हणू शकणारी माणसं आता सत्तरीच्या, ऐंशीच्या पुढं आहेत. फुकटचं तिकीट पुढच्या वर्षीही मिळेल. ही माणसं पुढच्या वर्षी असतीलच असं नाही.